विटा वाचणाऱ्या मॅडम

मॅडमच्या घरी काही बोलायचं असेल तर आधी हात वर करावा लागे. मग मॅडम, हातातलं काम न सोडता, आपला डावा हात वर करत. तो वर दिसला की बोलायचं. नाही दिसला तर आपला हात तसाच हवेत ठेवून उभं राहायचं. मी एकदा त्यांच्या अमरावतीच्या घरी स्वयंपाकघराच्या दारात असाच इतका वेळ उभा होतो, की साखर मागायला आलेली शेजारीण मला शिक्षा झाली आहे असं समजून दबक्या पावलांनी परत गेली. मला सांगायचं एवढंच होतं की बाहेरच्या खोलीत मी गरम सोल्डरिंग गन टेबलावर ठेवली आणि आता टेबलक्लॉथ जळतो आहे.

धूर आत आला तेव्हा मॅडमनी वळून पाहिलं.

"काहून बे, तोंड शिवलं होतं का?"

"हात वर होता, मॅडम."

मॅडम बाहेरच्या खोलीत गेल्या. जळक्या टेबलक्लॉथवर तांब्याभर पाणी ओतलं. मग म्हणाल्या, "मंग बरोबर केलं तू."

त्यांच्याकडून मला मिळालेली ही पहिली शाबासकी. पुढच्या बऱ्याच वर्षांत फार भर पडली नाही.

हात वर करायची ही रीत त्यांनी घेतली होती सिरियल पोर्टवरून. जुन्या कम्प्युटरच्या पाठीमागे नऊ पिनांचं एक दार असायचं. तिथून एका केबलने दुसरं यंत्र जोडायचं आणि दोघांनी एका ओळीत, एकामागून एक अक्षर टाकत बोलायचं. त्या केबलीत एक तार फक्त "बोलू का?" एवढं विचारायला असते आणि दुसरी फक्त "बोल" एवढं सांगायला. मॅडमचं म्हणणं असं, की एवढी अक्कल जर तारेला आहे तर माणसाला का नसावी? त्यांचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, पोस्टातून निवृत्त झालेले, अतिशय शांत गृहस्थ. जेवताना वरण हवं असलं की ते हात वर करत. त्या घरात कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही, कारण काका हात वर करत आणि मॅडम करत नसत.

मॅडम आमच्या तंत्रनिकेतनात शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी. विद्यार्थी म्हणजे यादीत नाव होतं इतकंच. वर्गात त्या मला म्हणायच्या, "तू चौथा पोर्ट हायेस. मशीनमध्ये असते, पण काही जोडलेलं नसते." निवृत्त झाल्यावर त्यांनी मलाच हाताखाली का घेतलं हे मी एकदा हात वर करून विचारलं होतं. म्हणाल्या, "हुशार पोट्टे पुण्याले गेले. तू राह्यला."

नोकरीत असताना, सुट्ट्यांच्या दिवसांत त्यांनी C भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. वजनकाट्यासाठी. गाडी काट्यावर चढली की काट्याचा डबा सिरियल केबलमधून वजन पाठवणार, प्रोग्राम ते पडद्यावर दाखवणार आणि खटखट करत पावती छापणार. एके काळी अकोल्याच्या डाळमिला, पातूरकडचे दोन-चार काटे, अकोटची कापसाची जिनिंग, सगळीकडे मॅडमचाच प्रोग्राम. मग एकेका ठिकाणी रंगीत पडद्याची, माऊसवाली नवी सॉफ्टवेअरं आली. दर वेळी मॅडम तिथून आपली फ्लॉपी परत आणायच्या आणि घरी दोन दिवस कोणासाठीच हात वर करायच्या नाहीत.

शेवटी एकच ठिकाण उरलं. अकोटची जिनिंग. तिथल्या शेठनी मागच्या हंगामात स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "मॅडम, तुमचा मान ठेवतो. पण ऐन कापसाच्या सीझनमधी एकदा जरी काटा बंद पडला, तर मी पुण्याची पार्टी बोलावतो." त्या दिवसापासून मॅडमच्या बोलण्यात अकोट हे गाव राहिलं नाही, दवाखान्यात ठेवलेला नातेवाईक झाला. तिथल्या मुनीमाला रोज फोन. "कसा हाये?" "चालू आहे मॅडम." "आवाज कसा येते?" "पंख्याचा येतो." "येऊ दे. येऊन राह्यला म्हणजे जिता हाये."

कोणी "आता बस करा की मॅडम, वय झालं" म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "सरकारनं मले रिटायर केलं, अकोटनं नाही केलं."

आता त्या काम कसं करायच्या ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही.

दुरुस्तीला गेलं की आधी अंबाडा सुटायचा. कारण त्या अंबाड्यातला आकडा उपसून पोर्टच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेत अडकवायच्या. दुसरी पिन ऐकायची, तिसरी बोलायची. दोन्ही जोडल्या की कम्प्युटर जे बोलेल ते त्याचं त्यालाच ऐकू येणार. मग मॅडम टाईप करायच्या, JEVLA KA. पडद्यावर JEVLA KA उमटलं की पोर्ट धडधाकट, खोट केबलीत किंवा पलीकडच्या यंत्रात. उमटलं नाही की पोर्टच मुका. "आधी सोताशी बोलता येते का पाहाव, मंग दुसऱ्याले दोष द्यावा," हे सांगताना त्या नेमक्या माझ्याकडे का बघायच्या ते मला कळत नसे. केस मोकळे सोडून, कम्प्युटरच्या पाठीमागे वाकून, "जेवला का, जेवला का" असं पुटपुटणाऱ्या मॅडम पहिल्यांदा पाहिल्यावर अकोल्याच्या एका डाळमिलचा मुनीम लिंबू-मिरची आणायला गेला होता.

केबल त्या पिशवीत ठेवत नसत, वळ्या पडतात म्हणून. गळ्यात घालायच्या. एसटीत एका म्हातारीने ते पाहून हात पुढे केला आणि म्हणाली, "डाक्टरीनबाई, चक्कर येऊन राह्यली, पाहा ना." मला वाटलं, आता मॅडम हसून सांगतील. मॅडमनी गंभीर चेहऱ्यानं नाडी धरली, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "स्पीड बरोबर हाये. सकाळपासून काय खाल्लं?" म्हातारीनं काहीच खाल्लं नव्हतं. मॅडमनी माझा डबा तिला दिला. माझा. विचारलंसुद्धा नाही. मी हात वर केला होता, पण एसटीत बरेच लोक हात वर करून दांडी धरतात, त्यामुळे तो मोजला गेला नाही.

माणसांच्या चुका त्या पोर्टच्या चुकांवरून ओळखायच्या. आधीचं ऐकून व्हायच्या आत पुढचं अंगावर आलं आणि मधलं गळालं, तर ती 'ओव्हररन'. ते मी. समोरच्याचं वाक्य कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं तेच कळेना, तर 'फ्रेमिंग'. त्या त्यांच्या नणंदबाई. आणि सगळं बरोबर आहे पण मोजणीत एक कमी भरतो, तर 'पॅरिटी'. हे त्या फक्त नगरसेवकांबद्दल म्हणायच्या.

माझ्या पराक्रमांपैकी एकच सांगतो, कारण तो काकांनी सगळ्या कॉलनीत सांगितलेलाच आहे. मला पहिली केबल स्वतः बनवायला दिली तेव्हा मी फार मन लावून, रंगीत तारा निवडून, दुसरी पिन दुसऱ्या पिनेला आणि तिसरी तिसरीला जोडली. दिसायला इतकी देखणी की मी तिचा फोटो काढला. काटा काही बोलेना. मॅडमनी केबल उलगडून पाहिली आणि म्हणाल्या, "तोंडाले तोंड लावलं तू, अन् कानाले कान. दोघंही बोलून राह्यले, ऐकून कोणी नाही राह्यलं. हे कम्प्युटर नाही जोडले तू, लगीन लावलं." दोन तारा मध्ये उलट-सुलट करायच्या असतात, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, एवढं साधं. माझ्या लग्नात त्यांनी मला आणि बायकोला ती केबल दुरुस्त करून, रिबन बांधून भेट दिली. बायकोनं ती कपडे वाळत घालायला वापरली. मॅडमना मी हे सांगितलेलं नाही.

आणि मॅडम नेहमी बरोबर असत असंही नाही हो. पातूरला एकदा त्यांनी सकाळपासून पोर्टच्या रजिस्टरचे आकडे उलटसुलट केले, प्रोग्राम तीनदा नव्याने कंपाईल केला, मला दोनदा भैताड म्हटलं, आणि शेवटी तिथल्या झाडूवाल्या मावशींनी विचारलं, "बाई, हे वायर उंदरानं खाल्लं ते चालते का?" मॅडमनी कुरतडलेली केबल हातात घेऊन निरखली. "हे म्या सकाळीच पाह्यलं होतं," म्हणाल्या. "पोट्ट्याची परीक्षा घेऊन राह्यली होती."

तर अकोट.

दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली, कापूस यायला लागला. शेठच्या बहिणीकडे कसलंसं कार्य होतं म्हणून त्या वर्षी जिनिंग थोडी उशिरा उघडली. आणि उघडली त्याच सकाळी शेठचा फोन. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला आणि हात वर केला, म्हणजे शेठना बोलायची परवानगी.

"मॅडम, तुमच्या काट्याले काय झालं? वजनाच्या जागी विटा दिसून राह्यल्या."

"काय दिसून राह्यल्या?"

"विटा! माती-सिमेंटच्या विटा! गेटापासून रोडवरी ट्रॅक्टर लागले हायेत. म्या पुण्याच्या पार्टीले फोन केला. त्याहीचा माणूस अकोल्यातच होता, येऊन राह्यला."

मॅडमनी फोन ठेवला, केबल गळ्यात घातली, आणि काकांनी वरणासाठी वर केलेल्या हाताकडे न बघता दाराबाहेर पडल्या. मी मागे पिशवी घेऊन. अंजनगावमार्गे एसटीत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मॅडम गप्प असल्या की मला भीती वाटते, आणि भीती वाटली की मी बडबडतो. मी म्हणालो, "काळजी करू नका मॅडम, फार तर फार प्रोग्राम जाईल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कंडक्टरनेच मला दुसऱ्या सीटवर बसायला सांगितलं.

अकोटला गेटाबाहेर खरोखरच ट्रॅक्टर आणि छोटे ट्रक यांची शेपटी लागली होती. काट्याच्या खोलीत शेठ उभे, घामाघूम. त्यांच्या शेजारी पुण्याचा इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर लॅपटॉपची बॅग, फार सज्जन मुलगा. त्याने लॅपटॉप जोडून पाहिला होता, पण त्याचं सॉफ्टवेअर नुसतंच 'चूक, चूक' म्हणत होतं. आणि मधोमध आमचा कम्प्युटर. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत वजन यायचं तिथे दोन फिक्या ठिपकेदार विटा, एक गडद वीट, मग एक तीन आणि एक शून्य.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की मग काट्याच्या डब्यावर वजन दिसत नव्हतं का? नव्हतं. डब्यावरचे लाल आकडे विझून कैक वर्षं झाली होती. ते दुरुस्त करायला शेठ तयार नव्हते. "कम्प्युटरवर दिसते ना? मंग एकच वजन दोन ठिकाणी पाहून वाढते का?" हा त्यांचा युक्तिवाद. त्यामुळे तो डबा आंधळाच होता. वजन कळायचं ते फक्त मॅडमच्या प्रोग्राममधून.

बाहेरून एका ट्रॅक्टरवाल्यानं हाक दिली, "ओ मॅडम! माह्या कापसाच्या किती विटा भरल्या? संडास बांधाले पुरतीन का?"

"पुरतीन, पण फिक्या निंगाल्या!" दुसऱ्यानं उत्तर दिलं. रांग हसली. शेठ हसले नाहीत.

"मॅडम," ते म्हणाले, "आपलं बोलणं झालं होतं."

मॅडमनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. अंबाड्यातला आकडा काढला, पिनांमध्ये अडकवला. JEVLA KA. पडद्यानं विचारलं, JEVLA KA. पोर्ट ठणठणीत. केबल परत जोडली. आणि मग त्या खुर्ची ओढून पडद्यासमोर नुसत्या बसल्या. एक गाडी चढली, उतरली. दुसरी चढली, उतरली. मॅडम बघत राहिल्या, जसं एखादं माणूस सिनेमात ओळखीचा चेहरा शोधतं तसं. आणि मग, मी देवाशपथ सांगतो, त्या टाळी वाजवून हसल्या.

"अरे, हा तर बोलून राह्यला! पाहा ना. शून्य नीट येते. तीन नीट. पाच, सहा, नऊ नीट. एक, दोन, चार, सात, आठ हेच फक्त सोंग घेऊन येते. पॅरिटी हाये ही!"

मी समजल्यासारखी मान हलवली. पुण्याचा मुलगा मात्र खरंच समजून "अरेच्चा!" म्हणाला.

मॅडमनी रांगेतल्या लोकांनाही कळेल असं सांगितलं. दर आकडा म्हणजे सात दिव्यांची एक माळ समजा, काही पेटलेले, काही विझलेले. रस्त्यात एखादा दिवा गेला तर कळावं म्हणून डबा आता शेवटी आठवा दिवा लावतो आहे, पेटलेल्यांची संख्या सम व्हावी इतक्यासाठी. ज्या आकड्यात ती आधीच सम आहे, तिथे आठवा विझलेला राहतो आणि आकडा नीट दिसतो. जिथे विषम, तिथे आठवा पेटतो. प्रोग्रामला या राखणदाराबद्दल कोणी सांगितलेलंच नाही, म्हणून तो त्याला आकड्याचाच भाग समजतो आणि एकाच्या जागी वीट काढतो.

"म्हणजे वजन खरं हाये," मॅडम म्हणाल्या. "फिकी वीट म्हणजे एक. गडद वीट म्हणजे दोन. भिंतीतल्या खुंटीसारखं दिसते ते चार. अन् हे दोन जातीचे कोपरे, सात आणि आठ. चाला, आना गाडी. म्या वाचते."

"वाचते म्हणजे?" शेठ ओरडले. "विटा वाचून मी लोकायले पावत्या देऊ?"

"खोटं वाटते? आना एक रिकामी गाडी. जिच्या अंगावर वजन लिवलं हाये अशी."

एक रिकामा छोटा ट्रक काट्यावर घेतला. त्याच्या फळीवर पांढऱ्या रंगात रिकामं वजन लिहिलेलं होतं, अकराशे नव्वद किलो. खोलीच्या खिडकीशी शेतकऱ्यांची दाटी झाली. मॅडमनी चष्मा सारखा केला.

"फिकी वीट, गडद वीट, पाच, शून्य. बाराशे पन्नास."

शेठनी दोन्ही हात पसरले. "साठ किलो जास्त! झालं? आता तरी मान्य करा."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ड्रायव्हरले उतरवा."

ड्रायव्हर खाली उतरला. काट्यावरून बाजूला झाला. पडद्यावरची गडद वीट गेली.

"दोन फिक्या विटा, नऊ, शून्य. अकराशे नव्वद." आणि खिडकीतून ड्रायव्हरला, "जेवण बरं चालू हाये रे तुहं!"

असा गलका झाला म्हणता! एकाने टोपी उडवली. ज्याच्या संडासाचा प्रश्न होता तो म्हणाला, "माहा कापूस मॅडमच वाचतीन. छापलेली पावती नोको मले." मग मॅडम वाचू लागल्या आणि मी हाताने पावत्या लिहू लागलो. "खुंटी, गडद, सहा, शून्य. बेचाळीसशे साठ." त्या देवळात पोथी वाचावी तशा लयीत वाचत होत्या, आणि बाहेरचे लोक आपापलं उत्तर आधीच ओरडायला लागले. तासाभरात अकोटच्या रांगेतल्या निम्म्या लोकांना विटा वाचता येऊ लागल्या. मला येत नव्हत्या. मी एका कोपऱ्याला सात लिहिलं, तो आठ निघाला, आणि एका आजोबांनी खिडकीतून काठीनं माझी चूक दाखवली.

पण शेठ काही विरघळले नव्हते. "आज वाचलं. उद्या कोण वाचंन? मॅडम, मले पावती छापून पाहिजे, नाहीतर संध्याकाळी हे सॉफ्टवेअर निंगते." पुण्याच्या मुलाकडे त्यांनी बोट दाखवलं. तो बिचारा ओशाळून चहात बघत राहिला.

चहासाठी काटा थांबला तेवढ्यात मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं. प्रोग्राम त्याच कम्प्युटरवर होता. "एक ओळ लिव. आलेल्या अक्षराचा आठवा दिवा विझवाचा, बस. बाकी काही नाही. मी डबा पाहून येते."

एक ओळ. एवढ्या वर्षांच्या शिक्षणानंतर एक ओळ. मी बोटं मोडली, लिहिली, कंपाईल केली, आणि शेठच्या देखत ऐटीत चालू केली.

पडद्यावर एक हसरा चेहरा आला. छोटा, गोल, दात न दाखवता हसणारा. मग दुसरा. मग अख्खी ओळ. मग अख्खा पडदा, वरपासून खालपर्यंत, शेकडो चेहरे, सगळे माझ्याकडे बघून हसताहेत. काट्यावर कापसानं भरलेला ट्रॅक्टर उभा होता.

"हे काय हाये?" शेठ हळूच म्हणाले.

"आनंदी आहे," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

खिडकीतून आवाज आला, "भाऊ, माह्या ट्रॅक्टरमधी कापूस हाये का मुंबईची लोकल?"

पुण्याच्या मुलानं माझ्या खांद्यावरून वाकून, अगदी माझ्या कानात, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं सांगितलं, "सर, तिथे ते & चिन्ह एकदाच हवं. आपण दोनदा दिलंय. त्यामुळे काहीही आलं तरी उत्तर एकच येतंय." असा सज्जन मुलगा. मी एक चिन्ह खोडलं. चेहरे गेले. पडद्यावर स्वच्छ, ओळखीचा आकडा आला, प्रिंटर खटखटला, आणि पावती बाहेर पडली.

त्याच क्षणी काट्याच्या डब्याजवळून मॅडमचा आवाज आला. "शेठ, इकडे या जरा."

त्या डब्याच्या बटणांवर वाकल्या होत्या. अंबाड्याच्या आकड्यानं एका बटणाच्या फटीतून काहीतरी उकरत होत्या. फटीत लालभडक कुंकू भरलं होतं. आणि आकड्याच्या टोकाला, कुंकवानं माखलेला, तांदळाचा एक दाणा निघाला.

"अक्षता," मॅडम म्हणाल्या. "बटण दाबून धरलं हिनं. डब्यानं आंधळ्यासारखी आपलीच सेटिंग बदलली. दसऱ्याले ह्याची पूजा कोणी केली?"

मुनीम छताकडे बघू लागला. शेठनी दाण्याकडे पाहिलं, मग आपल्या अनामिकेकडे.

"दरसाल मीच करतो," ते म्हणाले. "माह्या आजोबापासून काट्याची पूजा होते. यंदा काटा चांगला चालावा म्हणून जरा... जास्त केली."

मग पुण्याच्या मुलाकडे वळून त्यांनी विचारलं की तुमचं सॉफ्टवेअर आज संध्याकाळी बसेल ना. मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं की बसेल, पण आधी हा आंधळा डबा बदलून नवा घ्यावा लागेल. 'नवा' हा शब्द ऐकल्यावर शेठच्या चेहऱ्यावर जो बदल झाला तो पॅरिटीचाच होता. सगळं तेच, फक्त एक कुठेतरी कमी.

"राहू द्या मंग मॅडमचाच," ते म्हणाले.

मॅडमनी हात वर केला नाही. म्हणजे शेठना पुढे बोलायची परवानगी नव्हती.

"राहू द्या असं नाही होत. आज पॅरिटी बदलली, पुढच्या दसऱ्याले स्पीड बदलंन, मंग विटाही नाही दिसणार. दसऱ्याले डब्याले कोणी हात लावाचा नाही. कबूल असंन तर ठेवते, नाहीतर आताच फ्लॉपीवर घेऊन जाते."

शेवटचं ठिकाण, हाताशी आलेलं, आणि मॅडम स्वतःच ते सोडायला निघाल्या होत्या. शेठही हटेनात. "दसरा अन् काट्याची पूजा नाही? बाप्पा! असं कसं जमंन? कुंकू तं कोठंतरी लागलंच पाहिजे. तुमीच या ना त्या दिवशी, तुमच्या समोर करतो, सांभाळून."

"दसऱ्याले मी नागपूरले असते," मॅडम म्हणाल्या. "लहान होती तवापासून एकही दसरा चुकला नाही. आईच्या कडेवर होती तवाबी दीक्षाभूमीवर गेली."

शेठनी मान हलवली. मॅडमनीही. दोघेही आपापल्या दसऱ्यावरून हलणार नव्हते. मग दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून दर दसऱ्याला पहाटेची एसटी धरून मी अकोटला जातो. काट्याच्या डब्यासमोर खुर्ची टाकून, त्याला पाठीनं झाकून बसतो. शेठ आरतीचं ताट घेऊन येतात. डब्याला हात लावायचा नाही असं ठरलेलं आहे आणि कुंकू तर लागलंच पाहिजे, त्यामुळे ते मला लावतात. कपाळाला, सढळ हातानं. मग झेंडूचा हार. मग डोक्यावर अक्षता. नारळ माझ्या पायाशी फुटतो आणि पाणी माझ्या बुटात जातं. पहिल्या वर्षी मी संकोचून उठायला लागलो तर मुनीम म्हणाला, "हलू नका साहेब, काटा हलत नसते."

हे आटोपेस्तोवर फोन वाजतो. नागपूर. पलीकडे लाखो लोकांचा आवाज, भीमगीतं, पुस्तकांच्या स्टॉलवरची गर्दी, आणि त्यातून मॅडम ओरडतात. मी एका हाताने फोन धरतो आणि दुसरा वर करतो. का ते विचारू नका.

"हात तं नाही ना लावला कोणी?"

"नाही मॅडम. मलाच लावला."

"पडद्यावर काय हाये?"

"शून्य."

"शून्यावर काय भरवसा! काहीच नाही आलं तरी शून्यच दिसते. जाय, काट्यावर उभा राह्य."

मी तसाच, हारासकट, कपाळावरचं कुंकू नाकावर ओघळतंय अशा अवस्थेत, साठ टनी काट्याच्या मधोमध जाऊन एकटा उभा राहतो. खिडकीतून मुनीम आकडा ओरडतो. मी तो फोनमध्ये ओरडतो. यंदा नव्वद आला. मागच्या वर्षी ऐंशी होता.

पलीकडे लाखोंच्या गर्दीत मॅडम खूश होऊन हसल्या.

"प्रोग्राम बरोबर हाये," म्हणाल्या. "तू जेवण कमी कर."